निळी त्वचा आणि ‘कोलॉइडल’ हा शब्द: दोन्ही बाजूंची गल्लत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात ‘चांदीचे पाणी’ म्हणजे कोलॉइडल सिल्व्हर या विषयावर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एका पत्रलेखकाचे म्हणणे असे, की त्वचा निळी पडते ती चांदीच्या क्षारांमुळे. खरी कलिल चांदी कितीही प्यायली तरी बिघडत नाही. दुसऱ्यांनी बजावले, की एक थेंब पोटात गेला तरी माणूस जन्मभरासाठी निळा. आमच्या मते दोघेही चुकले आहेत, आणि चूक एकाच ठिकाणी आहे: दोघांनी बाटलीवरचा शब्द वाचला, बाटलीतले मिलिग्रॅम कोणीच मोजले नाहीत.

आधी शब्द. कलिल म्हणजे एका पदार्थाचे अतिसूक्ष्म कण दुसऱ्यात तरंगत राहणे. दूध हे घरातले उदाहरण. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा कण उरतच नाहीत, सुटे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू होतात, म्हणून त्याला द्रावण म्हणायचे, कलिल नव्हे. बाजारात ‘कोलॉइडल सिल्व्हर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली आयनी चांदी: विरघळलेले चांदीचे आयन, पाण्यासारखे स्वच्छ, रंगहीन द्रावण. दुसरी खरी कलिल चांदी: धातूचे नॅनोमीटरच्या मापातले कण. हे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतात, त्यामुळे द्रव पिवळसर, दाट असेल तर मधाच्या रंगाचा दिसतो. तिसरी प्रथिनयुक्त चांदी, म्हणजे जिलेटिन किंवा केसीनला बांधलेली. ती तपकिरी ते काळपट असते. १९०२ साली अमेरिकेत अल्बर्ट बार्न्स आणि हर्मन हिले यांनी काढलेले ‘आर्जिरॉल’ याच जातीचे; डोळ्यांत आणि नाकात घालायला ते अनेक वर्षे वापरात होते.

विक्रेत्यांनी यावर आणखी नावांची भर घातली आहे. ‘हायड्रोसोल’ म्हणजे पाण्यातले कलिल, त्यापलीकडे त्यात काही विशेष नाही. ‘मोनोअॅटॉमिक’ म्हणजे सुट्या अणूंची चांदी, असा दावा असतो. विजेचा भार नसलेला चांदीचा सुटा अणू पाण्यात टिकत नाही. एकमेकांना चिकटून त्याचे कण होतात. तेव्हा या नावाच्या बाटलीत प्रत्यक्षात बहुधा आयनच असतात. ‘नॅनो’, ‘बायोअॅक्टिव्ह’ आणि ‘स्ट्रक्चर्ड’ हे शब्द तर छापखान्याच्या शाईइतकेच स्वस्त.

घरात कोणी अशी बाटली आणून ठेवली असेल, तर ती न पिता पारखता येते. अर्धी बाटली हवा राहील एवढा द्रव ठेवून जोरात हलवा: फेस येऊन तो मिनिटभराने तसाच राहिला तर प्रथिनयुक्त चांदी. अंधाऱ्या खोलीत काचेच्या ग्लासातून लेझर टॉर्चची तिरीप सोडा: तिरिपेची वाट दिसली तर कण आहेत, दिसली नाही तर द्रावण. आता तिसरी आणि सगळ्यांत बोलकी चाचणी. स्वच्छ धुऊन डिस्टिल्ड वॉटरने खंगाळलेल्या काचेच्या ग्लासात १०० मिली द्रव घ्या, चिमूटभर मीठ टाका, ढवळा. शेजारी तुलनेसाठी नुसते डिस्टिल्ड वॉटर आणि तेवढेच मीठ. बाटलीत आयन असतील तर मिठातले क्लोराइड त्यांना धरते आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका धरतो. दहा पीपीएमच्या, म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम चांदी असलेल्या द्रवात हा निळसर धूसर ढग असतो, शंभरला पातळ ताकासारखे गढूळ होते. पिवळा द्रव पांढरा झाला नाही, पण रंग उडून करडा पडला, तर कण होते आणि मिठामुळे ते एकमेकांना चिकटले.

आता पांढरा झालेला ग्लास खिडकीत उन्हाला ठेवा. काही वेळात पांढरा रंग जांभळट आणि मग करडा होऊ लागेल. प्रकाशाने सिल्व्हर क्लोराइडमधली चांदी धातुरूपात सुटी होते. कृष्णधवल फोटोची फिल्म याच जातीच्या रसायनावर चालायची. हा ग्लास पिऊ नका हे सांगायला नको, पण तो नीट पाहा, कारण माणसाच्या कातडीत साधारण हेच घडते.

तेव्हा त्वचेकडे वळू. आयनी चांदी जठरात गेली की तिथल्या आम्लातले क्लोराइड तिला लगेच गाठते. खरी कलिल चांदी गेली तर आम्लात कणांचा पृष्ठभाग झिजून आयन सुटत राहतात. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त आणि झीज वेगवान. म्हणजे जो गुण म्हणून जाहिरातीत छापला जातो, तोच गुण कणांना पुन्हा आयनांच्या रांगेत नेऊन बसवतो. यातला थोडा भाग आतड्यातून रक्तात जातो, प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटांना चिकटतो आणि शरीरभर फिरतो. बाकीचा शौचावाटे जातो. रक्तातून त्वचेत पोचलेल्या चांदीवर सूर्यप्रकाश पडला की तिचा धातू होतो, आणि नंतर तिच्यावर गंधक व सेलेनियमची पुटे चढतात. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ही साखळी प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने दाखवली: कण, आम्लात आयन, प्रथिनांशी बंध, प्रकाशात पुन्हा कण, आणि शेवटी सल्फाइड-सेलेनाइड.

गंधकाची ही खोड आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहे. ओहोटीला ठाण्याच्या खाडीच्या चिखलातून कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. देवघरातली चांदीची निरांजने काळवंडतात ती याच वायूच्या हवेतल्या लेशमात्र अंशाने, आणि त्यांच्यावरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. निरांजन चिंच-रांगोळी लावून घासता येते. त्वचेतला थर घासता येत नाही, कारण तो वरच्या कातडीत नसून खालच्या थरात, मुख्यतः घामाच्या ग्रंथींभोवतीच्या पडद्यात बसलेला असतो. बायोप्सीत तिथे बारीक काळे दाणे दिसतात. दाणे काळे आणि माणूस निळा का, तर खोलवरचा गडद रंग वरच्या थरातून पाहिला की निळसर दिसतो. नवजात बाळाच्या पाठीवरचा जन्मजात निळा डाग तसाच. शिवाय चांदीमुळे त्या जागी त्वचेचे स्वतःचे रंगद्रव्यही वाढते, त्यामुळे गव्हाळ-सावळ्या कातडीवर निळ्यापेक्षा शिसवी-करडी छटा येते आणि घरातले ‘उन्हाने रापला’ म्हणून सोडून देतात.

या विकाराचे नाव आर्जिरिया. आधी हिरड्या, मग नखांच्या मुळाशी असलेला पांढरा चंद्र निळा-करडा होतो, नंतर चेहरा, मान, हातांची मागची बाजू. सदऱ्याखालची कातडी मागे राहते, कारण तिथे ऊन नाही. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर छटा आली तर तिला आर्जिरोसिस म्हणतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ मध्ये, वायटूकेच्या (२००० साल उजाडताच संगणक बंद पडतील या धास्तीच्या) गोंधळात अँटिबायोटिक मिळेनाशी होतील या भीतीने घरीच चांदीचे पाणी करून प्यायला सुरुवात केली; २००२ साली सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा निळसर-करडा होता. पॉल कारासन हे दुसरे. ते घरचे पाणी पीत आणि त्वचारोगासाठी चेहऱ्यालाही लावत; २०१३ मध्ये वारले तोवर रंग गेला नव्हता.

आता ज्याला आम्ही या विषयाचे मर्म समजतो ते गणित. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. दहा पीपीएमचा एक चहाचा चमचा, ५ मिली, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम चांदी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे असे सहा चमचे. त्यामुळे ‘एका थेंबाने निळा’ हे खरे नाही. पण त्याच दुकानात त्याच आकाराची ५०० पीपीएमची बाटली असेल, तर तिचा एक चमचा २.५ मिलिग्रॅम, मर्यादेच्या आठपटीहून जास्त. आणि १२ किलोच्या मुलाची मर्यादा ०.०६, त्याला दहा पीपीएमचा एकच चमचा जवळपास काठोकाठ आहे.

ही मर्यादा आली कुठून? १९३५ मध्ये गॉल आणि स्टॉड यांनी आर्जिरियाचे रुग्ण मांडले. त्यांत उपदंशावर सिल्व्हर आर्सफेनामिनची इंजेक्शने घेतलेले होते, आणि सगळ्यांत कमी मात्रेत रंग बदललेल्यांच्या शिरेतून एकूण सुमारे १ ग्रॅम चांदी गेली होती. तोंडाने घेतलेल्यापैकी ४ टक्के रक्तात जाते असे धरले तर ते २५ ग्रॅम होतात. ७० किलो वजन आणि ७० वर्षे यांनी भागून, वर सुरक्षिततेसाठी तीनने भागून ०.००५ हा आकडा निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने वेगळ्या वाटेने जाऊन आयुष्यभरात तोंडाने एकूण १० ग्रॅमपर्यंत अपाय दिसू नये असे मानले आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, चांदीची कमाल मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. चांदी लावलेल्या कार्बनच्या फिल्टरचे पाणी दिवसाला तीन लिटर प्यायले आणि ते अगदी मर्यादेवर असले, तरी ०.३ मिलिग्रॅम होते. फिल्टरला घाबरण्याचे कारण नाही.

मिठाईवरच्या वर्खाचेही विचारले जाते. नियमाप्रमाणे वर्खाचे वजन चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत आणि शुद्धता ९९९ लागते. चार सेंटिमीटर चौरस काजूकतलीवर हे जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम. आकडा मोठा दिसतो, पण हा धातूचा पत्रा आहे, आयन नव्हेत. त्यातला अगदी थोडा विरघळतो, आणि काजूकतली कोणी रोज सकाळी अनशापोटी वर्षानुवर्षे खात नाही. बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटी तर या हिशेबात धरूच नये. रौप्य भस्म हे कोलॉइडल सिल्व्हर नव्हे. ती वेगळ्या संस्कारांची वस्तू आहे, तिची मात्रा वैद्याने ठरवायची असते आणि तिचे नाव सांगून बाटली विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

खरा धोका घरच्या यंत्राचा आहे. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, दोन चांदीच्या तारा आणि ग्लासभर पाणी, एवढ्यावर हा कारखाना चालतो. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी तारेवरून सुटते. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात सुरुवातीला प्रवाह नगण्य असतो. आयन वाढले की पाणी वीज वाहू लागते, प्रवाह वाढतो, त्याने आयन आणखी वाढतात. प्रवाह रोखणारा रेझिस्टर नसेल तर दुसऱ्या तासात पहिल्याच्या कितीतरी पट चांदी सुटते, ऋण तारेवर काळी लव उगवते आणि तळाला गाळ बसतो. माणूस मात्र घड्याळ लावून ‘रोज दोन तास’ म्हणतो. काहींना धीर नसतो, ते चिमूटभर मीठ किंवा नळाचे पाणी घालतात. मीठ घातले की प्रवाह उसळतो आणि ग्लासात थेट सिल्व्हर क्लोराइड तयार होते. मोरबे धरणाचे असो की ठाण्याच्या नळाचे, पाण्यात क्लोराइड असतेच. तार कोणती, हाही प्रश्न आहे. सराफाकडची दागिन्याची चांदी ९२.५ टक्के किंवा त्याहून हलकी. उरलेले बहुतेक तांबे, आणि तेही पाण्यात उतरते. समजा अशा पाण्यात ४० पीपीएम चांदी आली आणि माणसाने रोज २५० मिलीचा पेला घेतला: रोज १० मिलिग्रॅम. १,००० दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आत, जन्माचा १० ग्रॅमचा कोटा संपला. पहिली दोन वर्षे काहीच दिसत नाही, म्हणून ‘मला तर काही झाले नाही’ हे वाक्य शेजारी-पाजारी फिरते.

दुसरी गल्लत जेलची. भाजल्यावर डॉक्टर सिल्व्हर सल्फाडायझिनचे १ टक्क्याचे मलम देतात. त्या औषधात वजनाने सुमारे ३० टक्के चांदी, म्हणजे एका ग्रॅम मलमात ३ मिलिग्रॅम, जवळजवळ ३,००० पीपीएम. जखमेसाठी कोलॉइडल सिल्व्हरचे जेलही मिळते. ही लावायची औषधे आहेत, ठराविक दिवसांसाठी. मोठ्या भाजलेल्या भागावर आठवडेच्या आठवडे लावली तर त्यांतूनही चांदी रक्तात जाते आणि आर्जिरिया झाल्याच्या नोंदी आहेत. ‘डॉक्टर लावायला देतात, मग प्यायला काय हरकत’ हे म्हणजे डेटॉलचे सरबत करण्यासारखे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच नियम केला, की कोलॉइडल सिल्व्हर किंवा चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीविना मिळणारी औषधे सुरक्षित व गुणकारी मानली जाणार नाहीत. पोटातून घेतलेल्या चांदीने कुठला आजार बरा होतो याचा भरवशाचा पुरावा नाही. उलट थायरॉक्सिनची गोळी, टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन जातीची अँटिबायोटिके यांचे शोषण चांदीमुळे घटू शकते. म्हणून सहा चमचे ‘चालतात’ याचा अर्थ सहा चमचे घ्यावेत असा नाही.

लेबलवर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी: तो परवाना अन्नाचा आहे. अन्न म्हणून विकलेल्या वस्तूने रोग बरा करण्याचा दावा करायचा नसतो. बाटलीवर किंवा पत्रकात मधुमेह, कॅन्सर बरा होतो असे छापले असेल, तर १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागू होतो. त्या पत्रकाचा आणि लेबलच्या चारही बाजूंचा फोटो, बॅच क्रमांक आणि बिल यांसह अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्यातल्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. बिलाशिवाय तक्रार लंगडी पडते.

आता जो निळसर-करडा दिसतो त्याने काय करावे. प्रत्येक करडा चेहरा चांदीचा नसतो, आणि आपल्याकडे तर क्वचितच असतो. ओठ-नखे निळी, धाप लागते आहे, तर आधी ऑक्सिजन पाहा: आर्जिरियात ऑक्सिमीटर ९७-९८ दाखवतो. तो ८५ च्या आसपास अडून राहिला आणि रुग्ण डॅप्सोनसारखे औषध घेत असेल, तर मेथिमोग्लोबिनची (ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या, बदललेल्या हिमोग्लोबिनची) शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठायचे. हृदयासाठी अमिओडॅरोन, मुरमांसाठी मिनोसायक्लिन, कुष्ठरोगावर क्लोफाझिमिन, मानसिक आजारावर क्लोरप्रोमाझिन यांनीही त्वचेचा रंग बदलतो. केसांच्या काळ्या रंगाची अॅलर्जी, लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस (त्वचेवर काळपट-करडे डाग पाडणारा विकार) आणि साधे वांग हे आपल्या दवाखान्यांत रोजचे. आणि गोरे करणारी क्रीम: पाऱ्याचे क्रीम वर्षानुवर्षे चोळले तर कातडीच्या वळ्यांत पाटीसारखा करडा रंग भरतो, हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरले तर गालाच्या हाडांवर निळे-काळे दाणे येतात. चांदीवर खापर फोडून हे क्रीम चालू ठेवले, तर वड्याचे तेल वांग्यावर.

डॉक्टरकडे जाताना ती बाटली सोबत न्या, रिकामी असली तरी. किती पीपीएम, रोज किती मिली, किती महिने, हे कागदावर लिहून न्या. घरचे यंत्र असेल तर व्होल्ट, वेळ आणि मीठ घातले होते का, हेही. रक्तातली चांदी मोजता येते, पण पक्के निदान चार मिलिमीटरच्या पंच बायोप्सीने होते. रंग उतरवण्यासाठी शरीरातले धातू बाहेर काढणारी चेलेशनची औषधे इथे चालत नाहीत; सल्फाइड झालेली चांदी ती हलवू शकत नाहीत, त्यांवर पैसे घालवू नका. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरने, १०६४ नॅनोमीटरच्या, काही रुग्णांत चांगला उजळपणा आला आहे. पण ते दुखते, एका बैठकीत थोडीच जागा होते, आणि सावळ्या त्वचेवर डाग पडण्याची जोखीम राहते, म्हणून आधी कानामागे छोटी जागा करून बघणारा डॉक्टर शोधावा. चांदी त्याच दिवशी बंद करायची आणि सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्या चालू करायच्या. आत बसलेली जी चांदी अजून उन्हाला लागलेली नाही, ती तशीच राहिलेली बरी.

आपले,
रसायनशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक आणि एक त्वचारोगतज्ज्ञ
नौपाडा, ठाणे (प.)

ता. क.: आरओवाल्याकडच्या टीडीएस पेनने चांदीचे पीपीएम मोजू नये. ते पेन पाण्याची वीजवाहकता मोजते आणि मिठाच्या हिशेबाने आकडा दाखवते. आयनांचा त्यावरून अंधुक अंदाज येतो, कणांचा अजिबात नाही. पेनवर ५ दिसत असताना बाटलीत ५० असू शकतात.